आई एकटीच व्हिएन्नाला निघालीय. तीन रात्री, हॉटेलात, पहिल्यांदाच. सूचना हव्यात!

इसारकाठची

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आई-बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे म्युनिकला आलेत. आई ६३ वर्षांची. सांगलीला शाळेत ३१ वर्षं ड्रॉइंग शिकवलं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली, आता निवृत्त. तिला व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्यूझियम बघायचंय. खरं तर अख्खं म्यूझियमही नाही, त्यातलं एक दालन. पीटर ब्रॉयगल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची जगात सगळ्यात जास्त चित्रं तिथे एकत्र आहेत. त्यातल्या एकाचं कॅलेंडरातून कापलेलं पान सांगलीच्या घरी आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. मी शाळेत जायला लागले त्याच्याही आधीपासून.

बेत सगळ्यांनी मिळून जायचा होता. मग मला रजा मिळेना, लेकाच्या किंडरगार्टनमध्ये कांजिण्यांची साथ आली, आणि बाबांचं तर पहिल्यापासून एकच, "चित्रं गूगलवर दिसतात की." परवा सकाळी पोहे परतता परतता आई म्हणाली, "मग मी एकटीच जाऊन येते." आम्ही हसलो. ती हसली नाही.

तर बुधवार ते शनिवार. म्युनिकहून थेट ट्रेन आहे, साधारण चार तासांची. इंग्रजी तिला समजतं, बोलायला लाजते. जर्मन म्हणजे 'डांके' (आभार) आणि 'च्यूस' (बाय). हॉटेलात एकटी आजवर कधी राहिलेली नाही, भारतातही नाही. मला नक्की काय विचारायला हवं तेच कळेनासं झालंय, म्हणून सुचेल ते सांगा. हॉटेल कुठल्या भागात घेऊ? रात्रीबेरात्री काही लागलं तर?

लाल_डबा

काकूंना शुभेच्छा! बूड टेकून वाचतोय.

पेन्शनर

ताई, राग मानू नका, पण वडीलधारा म्हणून लिहितो. परका मुलुख, परकी भाषा. पाय घसरला, चक्कर आली तर कोण आहे? मी ७१ वर्षांचा आहे, आमच्या सौ.ना मी एकटीला पुण्याहून मुंबईलाही पाठवत नाही. चार दिवस थांबून सगळ्यांनी जावं, नाहीतर एखादी ग्रुप टूर बघावी. म्यूझियम कुठे पळून जात नाही.

तिरफळ

म्यूझियम पळत नाही हो काका, गुडघे पळतात. :) आणि 'पाठवत नाही' हे क्रियापद जरा तपासून बघा. काकूंना कुणी पाठवत नाहीये, त्या निघाल्यात. ग्रुप टूरमध्ये म्यूझियमला पाऊण तास मिळतो, त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. माझ्या सासूबाईंचा अनुभव.

डोनाउकाठ

व्हिएन्नात अकरा वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी जीव भांड्यात पडू द्या. साठीच्या बाईला एकटीने फिरायला याहून सोपं शहर मला तरी माहीत नाही. हॉटेल हाउप्टबानहोफच्या, म्हणजे मुख्य स्टेशनच्या आसपास घ्या. पत्त्यातला पिनकोड बघायचा, त्याचे मधले दोन आकडे म्हणजे विभाग. १०१० म्हणजे पहिला, अगदी गावाचं पोट, १०४० म्हणजे चौथा. रस्त्यांच्या पाट्यांवरही नावाच्या आधी विभागाचा आकडा असतो, त्यामुळे कितीही भरकटलं तरी आपण कुठल्या विभागात आहोत ते भिंतीवर वाचता येतं. स्टेशनवरून डी अक्षराची ट्राम पकडायची. ती बेल्वेडेअर राजवाड्यावरून रिंगवर, म्हणजे जुन्या गावाभोवतीच्या गोल रस्त्यावर येते आणि म्यूझियमसमोर बुर्गरिंगच्या थांब्यावर सोडते. गाडी बदलायची भानगड नाही.

ट्रेनमध्ये एकच लक्षात ठेवायचं. व्हिएन्ना आलं म्हणून आधी मायडलिंग स्टेशनला अर्धा डबा उतरतो. आपण उतरायचं नाही. पुढचं हाउप्टबानहोफ.

आता महत्त्वाचं. इथे मेट्रोला, ट्रामला अडवणारी दारं नाहीत. कागदी तिकीट नुसतं घेऊन चालत नाही, निळ्या डब्यात सरकवून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा. मग एकदम साध्या कपड्यातला माणूस येऊन बिल्ला दाखवतो. शिक्का नसेल तर तिकीट हातात असूनही दंड, आणि तो शंभर युरोच्या वर. माझ्या आईवडिलांनी पहिल्याच दिवशी भरलाय. वडील अजून त्याचे रुपये करून सांगतात.

पासपोर्ट मूळ प्रत जवळ हवी, झेरॉक्स नको. व्हिसा जर्मनीने दिलेला असला तरी ऑस्ट्रियाला चालतो, दोन्ही शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात. पण परतताना साल्झबुर्गच्या पुढे जर्मन पोलीस गाडीत चढून तपासतात. घाबरायचं कारण नाही, दाखवायचा आणि परत पर्समध्ये.

म्यूझियम मे महिन्यात सोमवारी बंद असतं. गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं. तुम्ही बुधवार ते शनिवार ठरवलंत ते माहीत असून की नशिबाने, पण बरोबर ठरवलंत.

इसारकाठची

@डोनाउकाठ, नशिबाने. :) पिनकोडचं आईला वाचून दाखवलं, तिने वहीत लिहून घेतलं. हो, वही आहे. वर नाव, इयत्तेच्या जागी 'व्हिएन्ना'.

@पेन्शनर काका, राग नाही. बाबाही हेच म्हणताहेत. पण आई तुमचा प्रतिसाद वाचून म्हणाली, "यांच्या मिसेसना विचारा, त्यांना मुंबईला जायचंय का."

नाठाळ

चार तासांवर जायचंय आणि सूचना चांद्रयानाच्या. इस्रोला टॅग करायचं राहिलं.

गोधडी

@नाठाळ, तुम्ही पहिल्यांदा एकटे हॉटेलात राहिलात तेव्हा किती वर्षांचे होतात? बावीस-तेवीस? कंपनीने बुकिंग केलेलं, बरोबर सहकारी? हे ६३व्या वर्षी पहिल्यांदा करणं वेगळं असतं. दिवे घ्या.

मी फक्त हॉटेलबद्दल लिहिते, कारण माझी आई गेल्या वर्षी साल्झबुर्गला एक रात्र एकटी होती आणि सगळे घोळ तिथेच झाले.

लिफ्टमध्ये तळमजल्याला बटण E असतं. आई 0 शोधत वरखाली करत राहिली. खोलीत दिवे लागत नव्हते म्हणून ती अंधारात बसून होती, दाराजवळच्या खाचेत कार्ड खोचायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकीची मूठ वर फिरवली की पूर्ण तावदान वरच्या बाजूने आत कलतं. ते तुटून अंगावर आलं असं वाटून तिने अर्धा तास ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि फोन वाजत होता! (तुमच्या आईने म्युनिकला हे बघितलंच असेल म्हणा.)

किटली असेलच असं नाही, बुकिंगच्या आधी विचारा. टूथब्रश, चपला मिळत नाहीत. जेट नसतो, त्यामुळे पाण्याची रिकामी बाटली बॅगेत हवीच, ही सूचना कुठल्याही प्रवासवर्णनात नसते पण खरी गरज हीच. :) येताना नावपत्ता, पासपोर्ट नंबराचा फॉर्म भरून घेतात, तो तिकडचा नियम आहे, पोलिसांची भानगड नाही.

आणि अनामत. बरीच हॉटेलं कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. बुकिंग कुणाच्या कार्डावर करताय? ते एकदा हॉटेलला ईमेलने विचारून ठेवा.

इसारकाठची

बुकिंग केलं, स्टेशनपासून चालत सात मिनिटं. माझ्याच कार्डाने पैसे भरले, आता काही प्रश्न यायला नको. किटली आहे, विचारून घेतलं.

गोधडी

तरी ईमेल करा.

तिरफळ

खाण्याचं मी सांगते. काकू काय काय खातात?

इसारकाठची

मासे, कोंबडी, अंडी चालतं. बीफ, पोर्क नाही.

तिरफळ

मग हे पाच शब्द वहीत. रिंड म्हणजे गाय-बैल, काल्ब म्हणजे वासरू, श्वाइन म्हणजे डुक्कर, हून किंवा ह्यूनर म्हणजे कोंबडी, पूटे म्हणजे टर्की. नुसतं 'वीनर श्निट्सेल' लिहिलं असेल तर ते वासराचंच. काकूंनी 'ह्यूनरश्निट्सेल' शोधायचं.

फसवा पदार्थ म्हणजे फ्रिटाटेनझुप्पे. दिसायला निरागस, धिरडी बारीक कापून सुपात टाकलेली, पण ते पाणी बीफचं असतं. श्पेक म्हणजे डुकराच्या खारवलेल्या चरबीदार मांसाचे बारीक तुकडे, ते बटाट्यात, कोबीत कुठेही सापडतात.

बिनधास्त खायचं ते कायझरश्मार्न. गोड जाडसर धिरडं तव्यातच फाडून वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखाराचा मुरंबा. आणि मारिलेनक्न्योडेल, आख्खं जर्दाळू पोटात घेतलेला उकडीचा लाडू. मोदकाची लांबची मावसबहीण.

डोनाउकाठ

+१. पाणी विकत घेऊ नका, नळाचं प्या. आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात आणलंय, १८७३ पासून, आणि त्याचा इथल्यांना आपल्याकडच्या हापूसइतका अभिमान आहे. कॅफेत कॉफीबरोबर चांदीसारख्या तबकात पाण्याचा पेला येतो, तो फुकट. एका कॉफीवर कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही. बिल आपण मागेपर्यंत येतच नाही. काकू वाट बघत बसतील, म्हणून सांगतोय.

आणि संगीताची आवड असेल तर श्टाट्सओपरला, म्हणजे इथल्या ओपेरागृहात, उभ्याची तिकिटं मिळतात, थोडक्या युरोंत. जागा धरायची पद्धत सांगतो, तुम्हाला आवडेल: समोरच्या दांडीला आपला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा आणि खुशाल फिरून यायचं. कुणी हात लावत नाही.

लाल_डबा

खिडकीतून रुमाल टाकून जागा!!! म्हणजे एसटीचं मूळ व्हिएन्नात आहे तर. माझं आयडी सार्थ झालं.

इसारकाठची

(बुधवार, दुपार) आई सकाळी गाडीत बसली. लाइव्ह लोकेशन सुरू करून दिलंय. साल्झबुर्ग गेलं. बाबा पेपर वाचताहेत आणि दर दहा मिनिटांनी "कुठवर आली गाडी?"

इसारकाठची

(बुधवार, साडेचार) गोधडी, तुमच्या तोंडात साखर पडो की माती, ठरवते आहे. हॉटेलने अडवलं. ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड दाखवा, नाहीतर पुन्हा पैसे भरा. कार्ड इथे माझ्या पाकिटात. आईचं प्रीपेड फॉरेक्स कार्ड अनामतीला चालत नाही म्हणे. मी फोनवर होते, मीटिंगमध्ये होते, दोन्हीत नव्हते. शेवटी सहीचं पत्र ईमेल केलं. खोली मिळाली.

गोधडी

अरेरे! पण मिळाली ना. आता झोपू द्या त्यांना.

इसारकाठची

(गुरुवार, दुपारी अडीच) कुणी व्हिएन्नात आहे का आत्ता? आईचा ठिपका साडेदहापासून एकाच जागी आहे. म्यूझियममध्येच, पण चार तास?? जरासुद्धा हललेला नाही. फोन वाजतो, उचलत नाही. बाबा बूट घालून बसलेत.

नाठाळ

बाबा बूट घालून कुठे निघालेत? व्हिएन्नाला?

डोनाउकाठ

ऑफिस तिथून वीस मिनिटांवर आहे. चारपर्यंत काही कळलं नाही तर जाऊन येतो. पण ताई, म्यूझियममध्ये माणूस हलला नाही तर ती बातमी चांगली असते.

पेन्शनर

काळजी करू नका. मी मघापासून पान ताजं करत बसलोय. कळलं की लगेच लिहा.

इसारकाठची

(सव्वातीन) फोन आला. कोट आणि बॅग क्लोकरूममध्ये ठेवायला लावली, फोन कोटाच्या खिशात. ठिपका कोटाचा होता. आई मजेत आहे. जेवायला बाहेर आली तेव्हा तिला बावीस मिस्ड कॉल दिसले. "काय झालं, सगळे बरे आहात ना?" असं मलाच विचारतेय. जेवून परत आत जाणार आहे.

लाल_डबा

ठिपका कोटाचा होता :D :D हे मी आता आयुष्यभर वापरणार.

तिरफळ

काकू आल्या की त्यांनाच लिहायला सांगा. तुमचं हेल्पडेस्क बंद करा आता.

ड्रॉइंगच्या_बाई

नमस्कार. मी इसारकाठचीची आई. आयडी तिने काढून दिला, टायपिंग माझं आहे. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. श्री. डोनाउकाठ माझ्यासाठी ऑफिस सोडून निघणार होते, हे वाचून संकोच वाटला. आभार.

गाडीचं विशेष काही नाही. लिंझला थांबली तेव्हा मी उठून डब्यातली डोकी मोजायला लागले. ३१ वर्षं सहली नेल्या, गाडी थांबली की मोजायचं, ही सवय. सतरापर्यंत मोजली, मग समोरच्या बाई बघायला लागल्या, तेव्हा बसले.

हॉटेलचा प्रकार मुलीने लिहिलाच आहे, पण तिला माझ्या बाजूचं माहीत नाही. काउंटरवरची मुलगी उर्मट नव्हती. ती भराभर बोलत होती आणि माझं इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत पुढचा प्रश्न येत होता. मागे माणूस उभा, तो खोकायचा. तोंडून निघालं फक्त "डॉटर. म्युनिक." कान गरम झाले. मग मी बाजूच्या सोफ्यावर बसले, पर्समधली वडी खाल्ली, आणि वही काढली. बोलायला येत नाही पण लिहायला तर येतं की! मुख्याध्यापकांना इंग्रजी अर्ज मीच लिहून द्यायचे. स्वच्छ अक्षरात सहा ओळी लिहिल्या: मी कोण, पैसे कुणी भरले, कार्ड कुठे आहे, मुलगी आत्ता काय पाठवू शकते, अनामत मी रोख देऊ शकते का, आणि पावती मिळेल का. पान फाडून दिलं. तिने वाचलं, "व्हेरी क्लिअर" म्हणाली आणि फोन उचलला. रोख शंभर युरो ठेवून घेतले, पावती दिली, शनिवारी परत दिले. माझा कागद तिने तिच्याजवळच ठेवला.

रात्री झोप आली नाही. भीती अशी नव्हती. दाराला साखळी होती, तरी मी खुर्ची लावून ठेवली आणि पहाटे उठताना तिलाच ठेचकाळले. माहेरी आम्ही पाच भावंडं एका खोलीत. मग सासर. सहलीत मुलींच्या सतरंज्यांच्या शेवटी, दाराशी माझं अंथरूण, कुणी उठून बाहेर जाऊ नये म्हणून. किल्ली माझी आणि आत मीच, असं कधी नव्हतं. तिकडे डबल बेडवर दोन माणसांना दोन वेगळी पांघरुणं घडी करून ठेवतात. पहिल्या रात्री मी एक वापरलं, दुसरं तसंच घडीत ठेवलं, जणू कुणी येणार आहे. तिसऱ्या रात्री दोन्ही घेतली.

आता म्यूझियम. इमारत १८९१ सालची, जिना चढतानाच मान दुखते. खांबांच्या मधल्या कमानीत क्लिम्टने तरुणपणी काढलेली चित्रं आहेत, ती खूप वर आहेत, दुर्बीण न्यावी. बाकी दालनं मी सरळ चालत ओलांडली. रेम्ब्रांट, व्हेलाझ्केझ, सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. पाय ताजे असताना जे बघायला आलो ते बघायचं. रोमन आकड्यात दहा लिहिलेलं ते दालन. मधे गुबगुबीत बाकं आहेत, खरंच आरामशीर.

'मुलांचे खेळ', १५६० सालचं. लाकडी फळीवर तेलरंग, रुंदीला दीड मीटरच्या वर. कपाटाच्या दारावरचं माझं पान वहीएवढं. दोनशेहून जास्त मुलं आणि ऐंशीच्या वर खेळ आहेत त्यात. दर वर्षी आठवीच्या वर्गाला मी ते पान दाखवायची आणि म्हणायची, यातले आपले खेळ शोधा. मुलं शोधायची: आंधळी कोशिंबीर, भोवरा, काडीने चाक पळवणं, काठीचा घोडा, मधोमध भातुकलीतल्या लग्नाची वरात. एक पोर शेणात काडी घालून ढवळतेय, ती सापडली की वर्ग हसायचा. मला वाटायचं, त्या चित्रातलं सगळं मला पाठ आहे.

मी डावीकडून सुरुवात केली, आपण पाटी वाचतो तशी. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, दोघीजणी बसून सागरगोटे खेळताहेत. आपल्या बिया असतात, त्यांची मेंढीबिंढीची लहान हाडं आहेत, पण खेळ तोच. हे माझ्या पानावर नाही. कॅलेंडरवाल्याने चौकटीत बसवायला कडेचं कापलं असणार. इतक्या वर्षांत किती वर्गांना मी ते पान दाखवलं आणि दर वर्षी एखादी मुलगी विचारायची, "बाई, यात सागरगोटे नाहीत का?" मी सांगायची, नाहीत, तिकडे खेळत नसावेत.

तिथे मी किती वेळ होते ते मला माहीत नाही. मुलगी चार तास म्हणते. मधे एकदा फार वाकले म्हणून रखवालदार जवळ आला. "पेंटर?" मी म्हटलं, "नो. टीचर." त्याने मान डोलावली आणि परत आपल्या कोपऱ्यात. नंतर त्याची पाळी बदलली, दुसरा आला, तोही काही बोलला नाही. सगळ्यात बरं वाटलं ते हे, की "झालं का?" असं विचारायला कुणी नव्हतं. आमचे हे वाचतील, वाचू देत.

जेवून परत गेले आणि 'बर्फातले शिकारी' बघितलं. १५६५ चं. सगळे शिकाऱ्यांची पाठ आणि कुत्री बघतात. पण शिकार काय मिळालीय? एक मरतुकडा कोल्हा. आणि लांब, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, एका घराचं धुराडं पेटलंय आणि माणसं शिडी लावून विझवायला धावताहेत. खालच्या पुलावरून एक बाई लाकडाची मोळी घेऊन चाललीय. तिच्याकडे कुणीच बघत नाही.

शुक्रवारी ओपेराला रुमाल बांधला. श्री. लाल_डबा, खरंच कुणी हात लावत नाही. मध्यंतरापर्यंत उभी राहिले, मग पोटऱ्यांनी नाही म्हटलं. रुमाल सोडून आणला.

गोधडी

काकू... सागरगोट्यांपाशी थांबून परत वर जाऊन वाचलं. तुमच्या कुठल्यातरी वर्गातली ती मुलगी आता हा धागा वाचत असेल तर?

ड्रॉइंगच्या_बाई

असेल तर तिने लिहावं. बाई चुकल्या होत्या.

नाठाळ

इस्रोचा टॅग मागे घेतो. काकू, ती सहा ओळींची इंग्रजी चिठ्ठी इथे टाका. इतक्या वेळा परदेशात गेलोय, अजून काउंटरवर माझंही तेच होतं.

तिरफळ

आणि जेवलात काय ते राहिलं!

ड्रॉइंगच्या_बाई

ह्यूनरश्निट्सेल, दोनदा. ताटाबाहेर लोंबत होतं. कायझरश्मार्न एकदा, बरं आहे, पण आपल्या गुळाच्या धिरड्याला तूप तरी असतं. कॅफेत आत शिरल्यावर वेटरने किती माणसं म्हणून विचारलं, मी एक बोट दाखवलं. त्याने खिडकीजवळचं टेबल दिलं. बिल मागायचं माहीत होतं, तरी दोन तास मागितलं नाही. श्पेक दोन ठिकाणी ओळखून परत पाठवला.

पेन्शनर

बाई, आपला लेख सौ.ला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. रात्री विचारत होती, पुणे-मुंबई गाडीचं आरक्षण फोनवरून कसं करतात. मी शिकवलं. त्यांचं काय म्हणणं आहे, आपल्या मिस्टरांचं?

इसारकाठची

मी सांगते. बाबा काल रात्री लॅपटॉपवर ते चित्र मोठं करून बसले होते. कोपऱ्यातले सागरगोटे सापडल्यावर हाक मारून म्हणाले, "हे बघ, गूगलवर आहेत की!" मग खेळ मोजायला बसले. एक्केचाळीसवर अडकलेत. म्हणे ऐंशी काही भरत नाहीत, प्रत्यक्ष जाऊन मोजावे लागतील. व्हिएन्नाचं तिकीट केवढ्याला ते विचारत होते. दोन काढायची की कसं, अजून ठरायचंय.

ड्रॉइंगच्या_बाई

ठरलंय. एकच काढायचं, ह्यांचं. मी येत्या आठवड्यात नातवाबरोबर कागदाचे भोवरे करणार आहे. हॉटेलच्या काउंटरवर द्यायचा कागद ह्यांच्या नावाने लिहून ठेवलाय. डोनाउकाठ, कोट क्लोकरूममध्ये देताना फोन काढून घ्यायला तुम्ही आठवण करा, माझं ऐकायचे नाहीत.